पांढरे कापड, लोण्याचे कोकरू आणि हळीव : पोलंडच्या ईस्टर-मेजाचा इतिहास

१/ ईस्टर म्हटले की आपल्याकडे चॉकलेटची अंडी आणि ससा आठवतो. या धाग्यात ज्या मेजाचा इतिहास मांडायचा आहे, त्यावर मानाची जागा सशाची नसून कोकराची आहे. हे मेज पोलंडमधल्या घराघरांत मांडले जाते. त्यावरची प्रत्येक वस्तू सजावटीची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे उपवासाचे नियम आहेत, स्त्रियांचे श्रम आहेत, राज्य बुडाल्याची आठवण आहे. आणि या मेजाची एक वाट थेट कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापर्यंत येते. म्हणून हा धागा थोडा लांब आहे.

२/ आधी एक गैरसमज दूर करू. ‘ईस्टर म्हणजे बॅबिलोनची इश्तार देवी’ असा संदेश दरवर्षी फिरतो. दोन नावांचा उच्चार जवळचा आहे, यापलीकडे त्यात पुरावा नाही. आठव्या शतकातला इंग्लिश भिक्षू बीड याने ‘ईओस्त्रे’ नावाच्या देवीवरून त्या महिन्याला नाव पडल्याचे लिहिले आहे. पण ते इंग्रजीपुरते, फार तर जर्मनपुरते. युरोपातल्या बहुतेक भाषांत या सणाचे नाव ज्यूंच्या ‘पेसाख’ म्हणजे वल्हांडण सणावरून आले आहे. गोव्यातले ‘पास्कां’ त्याच कुळातले. पोलिश लोक मात्र त्याला ‘व्येल्कानोत्स’ म्हणतात. अर्थ साधा आहे : महान रात्र.

३/ सणाची तारीख दरवर्षी बदलते, कारण तिची गणना सूर्य आणि चंद्र दोघांवर चालते. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने सर्व ख्रिस्ती जगताने हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. पुढे रूढ झालेल्या रीतीनुसार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टरचा. त्यामुळे तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. २५ एप्रिल ही शेवटची तारीख लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

४/ मेजाची गोष्ट मात्र सुरू होते ती रिकाम्या मेजापासून. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस उपवासाचे. मध्ययुगीन युरोपात या काळात केवळ मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. माणसे उपवास करत, कोंबड्या करत नसत. वसंत ऋतूत दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या अधिक अंडी घालतात, आणि नेमकी तेव्हाच ती खायची बंदी. घरोघरी अंड्यांचा साठा होई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या जमाखर्चात ईस्टरसाठी ४५० अंड्यांना अठरा पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे; ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारात वाटायची होती.

५/ पोलंडमध्ये उपवासाचे जेवण म्हणजे आंबवलेल्या राईच्या पिठाचे ‘झुर’ नावाचे सार आणि खारवलेला हेरिंग मासा. चाळीस दिवस तेच. याचा कंटाळा किती येत असेल, हे एका लोकाचारातून दिसते. उपवास संपत आला की गावातली मुले झुरचे मडके वाजतगाजत नेऊन पुरत किंवा फोडत, आणि हेरिंगला झाडावर फाशी देत. लोकांनी आपल्या भुकेची काढलेली ही थट्टा होती. ईस्टरच्या मेजाची श्रीमंती समजून घ्यायची तर आधी हे पुरलेले मडके पाहावे लागते.

६/ आता अंड्याकडे वळू. पोलंडमधले सर्वांत जुने ज्ञात रंगीत अंडे ओपोले शहरातल्या ओस्त्रुवेक येथील उत्खननात मिळाले. ते दहाव्या शतकातले आहे. राज्यकर्ता म्येश्को याने बाप्तिस्मा घेतला तो ९६६ मध्ये. म्हणजे अंडी रंगवण्याची रीत तिथल्या ख्रिस्ती धर्माच्या अगदी बाल्यावस्थेपासून सोबत आहे. अंड्यातून जीव बाहेर येतो, हे पाहायला कोणत्याही धर्मग्रंथाची गरज नसते. नव्या धर्माने त्या जुन्या आश्चर्याला कबरीतून उठलेल्या ख्रिस्ताचा अर्थ दिला.

७/ रंगवण्याच्या पद्धतीनुसार अंड्यांची नावे बदलतात. वितळलेल्या मेणाने नक्षी काढून अंडे रंगात बुडवायचे, मग मेण काढायचे, ती ‘पिसांका’. बाटिक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. एकाच रंगात उकळलेले अंडे ते ‘क्राशांका’. रंगवलेल्या कवचावर टोकदार हत्याराने खरवडून नक्षी काढली तर ‘द्रापांका’. वोविच भागात रंगीत कागदाची कातरकामे अंड्यावर चिकटवतात. रंग घरचेच : कांद्याच्या सालींचा तांबूस तपकिरी, बिटाचा गुलाबी, गव्हाच्या कोवळ्या रोपांचा हिरवा.

८/ मेज सजवायचे तरी का? याचे उत्तर धर्मविधीत आहे. ईस्टरचे अन्न शनिवारी आशीर्वादित होते आणि रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर खाल्ले जाते. या आशीर्वादित अन्नाला ‘श्वेंत्सोने’ म्हणतात. पूर्वी धर्मगुरू श्रीमंतांच्या वाड्यावर येऊन मांडलेल्या संपूर्ण मेजावर पवित्र पाणी शिंपडत असे. म्हणजे चाळीस दिवसांच्या उपाशी माणसांसमोर एक पूर्ण दिवस आणि एक रात्र ते मेज भरलेले उभे असे, आणि त्याला हात लावायचा नसे. सजावटीचा उगम या प्रतीक्षेत आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत ताटाला न शिवणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

९/ मांडणीचे संकेत ठरलेले आहेत. मेजावर पांढरे स्वच्छ कापड. त्यावर ‘बुक्श्पान’ या सदाहरित झुडपाच्या बारीक पानांच्या डहाळ्या. फुलदाणीत वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या, मऊ केसाळ कळ्या धरलेल्या फांद्या. उत्तरेकडे ताडमाड उगवत नाहीत, म्हणून झावळ्यांच्या रविवारी याच फांद्या चर्चमध्ये नेतात. मध्यभागी कोकरू, अंगावर लाल पताका घेतलेले. ते साखरेचे, लोण्याचे किंवा केकचे असते. लोण्याची कोकरे लाकडी साच्यातून काढतात, आपल्याकडे पाडव्याच्या साखरगाठी साच्यात ओततात तशी. कोकरू हे बळी गेलेल्या ख्रिस्ताचे चिन्ह आणि पताका त्याच्या विजयाची.

१०/ कोकराच्या पायाशी हिरवळ हवी. एप्रिलच्या आरंभी पोलंडच्या अंगणात ती भरवशाची नसते. म्हणून साधारण आठवडा-दहा दिवस आधी बशीत ओल्या कापसावर एक बी पेरतात. पोलिश घरांत त्याला ‘झेझुखा’ म्हणतात. हे बी म्हणजे आपले हळीव! बाळंतिणीच्या लाडवांत जाते तेच. तिथे त्याची कोवळी, तिखटसर रोपे मेजावर हिरवळ म्हणून मिरवतात आणि मग कातरून अंड्यांवर घालून खाल्ली जातात. आपल्या घटस्थापनेच्या धान्याशी त्याचा वंशसंबंध नाही. पण मातीविना उगवणाऱ्या कोंबाकडे दोन्हीकडची माणसे सारख्याच नजरेने पाहतात.

११/ या मेजामागचे श्रम बहुतांशी बायकांचे. त्यातली सर्वांत नाजूक गोष्ट ‘बाबा’ नावाचा उंच, गोड पाव. ‘बाबा’ म्हणजे पोलिशमध्ये बाई किंवा आजी. उभ्या घेरदार झग्यासारखा त्याचा आकार. यीस्टने फुगवलेले, भरपूर अंड्यांचे ते पीठ वाऱ्याच्या झुळकीने किंवा धक्क्याने बसते. म्हणून जुन्या घरांत बाबा करताना दारे-खिडक्या बंद, पुरुषांना स्वयंपाकघरात मज्जाव, बोलणेसुद्धा हळू आवाजात. भट्टीतून काढलेला पाव निवेपर्यंत पिसांच्या उशीवर आडवा ठेवत. पाहुण्याला मेजावर दिसे तो डौल. त्यामागचे जागरण दिसत नसे.

१२/ सरदारांच्या मेजांबद्दल एक वर्णन फार प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात, राजा चौथा व्वादिस्वाव याच्या काळात, सापिएहा घराण्याच्या देरेचिन येथील वाड्यात चार रानडुकरे, बारा हरणे, बावन्न केक आणि ३६५ बाबा मांडले होते, असे ते सांगते. आकडे पुन्हा वाचावेत. चार ऋतू, बारा महिने, बावन्न आठवडे, ३६५ दिवस. इतका नेमका हिशेब प्रत्यक्ष मेजवानीत जमत नाही, तो कथेत जमतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून भोजनाची यादी काढू नये. पण या मेजाकडे लोक कसे पाहत होते, हे मात्र त्यातून नक्की कळते : ईस्टरचे मेज म्हणजे साऱ्या वर्षाची एकाच जागी केलेली मांडणी.

१३/ वाड्यावर धर्मगुरू येई, पण गावातल्या प्रत्येक झोपडीत तो कसा जाणार? मग लोक आपले अन्न वाड्याच्या अंगणात, चौकात किंवा चर्चपाशी आणू लागले. मेजच जणू टोपलीत बसले. आज ‘श्वेंत्सोन्का’ म्हणून ओळखली जाणारी छोटी टोपली ती हीच : पांढरे कापड, अंडी, पाव, मीठ, सॉसेज, मुळ्यासारखे झणझणीत ‘ख्शान’ हे मूळ, लोण्याचे कोकरू, कडेने बुक्श्पान. मेज सर्वांना परवडत नव्हते, टोपली परवडली. म्हणूनच ती टिकली.

१४/ टिकण्याला एक राजकीय कारणही आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रियाने पोलंड गिळले. पुढची १२३ वर्षे, १९१८ पर्यंत, हा देश नकाशावर नव्हता. कचेरी परक्यांची, शाळा परक्यांची. १९०१ मध्ये प्रशियाच्या ताब्यातल्या व्ज्हेश्न्या गावी मुलांनी धर्माचे पाठ जर्मन भाषेत म्हणण्यास नकार दिला आणि त्यांना छड्या खाव्या लागल्या. अशा काळात भाषा, प्रार्थना आणि रीतिरिवाज जपण्याची जागा घरच उरते. ईस्टरचे मेज मांडणारी गृहिणी त्या वेळी केवळ सण साजरा करत नव्हती.

१५/ रविवारी सकाळी जेवणाआधी एक छोटा विधी होतो. घरातील वडीलधारी व्यक्ती आशीर्वादित अंड्याच्या फोडी करते आणि प्रत्येकाला एक देऊन शुभेच्छा देते. एक अंडे सगळ्यांत वाटायचे, म्हणून फोड नखाएवढी असते. भूक भागवणे हा तिचा हेतूच नाही. या अंड्याची टरफलेही कचऱ्यात टाकत नसत. शेतात किंवा बागेत पुरत. आपल्याकडे निर्माल्य केरात जात नाही, त्यामागची भावना वेगळी नाही.

१६/ आता टोपलीतल्या त्या झणझणीत मुळाकडे, ख्शानकडे, पुन्हा पाहू. ख्रिस्ती घरांत ते ख्रिस्ताच्या यातनांचा कडवटपणा सुचवते. पण वल्हांडण सणाच्या ताटात ज्यू कुटुंबे इजिप्तमधल्या गुलामीची आठवण म्हणून कडू भाजी ठेवतात, आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे ती कडू वस्तू बहुधा हेच मूळ असे. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्याच बाजारातून, त्याच आठवड्यात, तेच मूळ दोन्ही मेजांवर जात होते. शेजार इतका जवळचा होता.

१७/ १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला आला, शक्य असलेल्या सर्वांत उशिराच्या तारखेला. १९ एप्रिलला, वल्हांडणाच्या सायंकाळच्या आदल्या पहाटे, वॉर्सातल्या घेट्टोत शिरलेल्या जर्मन सैन्याविरुद्ध ज्यूंनी उठाव केला. जर्मनांनी इमारतीमागून इमारत पेटवली. ईस्टरच्या रविवारी भिंतीच्या आत आग होती, भिंतीलगतच्या क्राशिन्स्की चौकात फिरता पाळणा होता आणि भिंतीबाहेरच्या घरांत ईस्टर साजरा होत होता. चेस्वाफ मिवोश यांची ‘कांपो दी फ्योरी’ ही कविता त्याच वर्षातली, त्याच दृश्यावरची. भिंतीबाहेरचे शहरही ताब्यात आणि दहशतीखालीच होते, हे खरे. तरीही मेजाचा इतिहास लिहिताना हा रविवार वगळता येत नाही. पांढरे कापड अंथरले जाते, तेव्हा त्याच्या कडेबाहेर कोण उरले, हाही प्रश्न इतिहासाचाच असतो.

१८/ त्याच युद्धातली दुसरी वाट पूर्वेकडे जाते. १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत संघाने व्यापला आणि १९४०-४१ मध्ये लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १३ एप्रिल १९४० च्या लाटेत प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली आणि १९४२ मध्ये जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात पोहोचले. पहिला टप्पा २४ मार्चला सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपला. त्या वर्षीचा ईस्टर होता ५ एप्रिलला. उपासमारीने खंगलेल्या शरीरांना अचानक मिळालेले स्निग्ध अन्न सोसले नाही. सुटकेनंतरही कित्येक जण तिथेच दगावले. चाळीस दिवसांचा उपवास माणूस स्वतः धरतो आणि स्वतः सोडतो. लादलेल्या उपासमारीला असा शेवटचा दिवस नसतो.

१९/ इराणमधून यातले काही जण भारतात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आश्रय दिला, ही कथा पुष्कळांना माहीत असते. त्याहून मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. लांबलचक बराकी, त्यांत कुटुंबांसाठी पाडलेल्या खोल्या आणि स्वयंपाकाची जागा. शिवाय चर्च, शाळा, रुग्णालय. सामुदायिक लंगरऐवजी स्वतःची चूल मिळणे, ही निर्वासितासाठी लहान गोष्ट नव्हे. चूल आली की मेज येते आणि मेज आले की सण येतो.

२०/ या वसाहतीने १९४४ ते १९४७ असे चार ईस्टर पाहिले : ९ एप्रिल, १ एप्रिल, २१ एप्रिल आणि ६ एप्रिल. कोल्हापूरचा एप्रिल डोळ्यांसमोर आणावा. ज्या सणाची सारी चिन्हे बर्फ वितळण्याची, पहिल्या कोंबाची आहेत, तो इथे उन्हाच्या काहिलीत येतो. केसाळ कळ्यांच्या फांद्या इथे नाहीत, बुक्श्पान नाही, लोण्याचे कोकरू घडीभरात पाघळेल अशी हवा. आणि तरीही जे खरोखर आवश्यक होते, ते कोल्हापूरच्या बाजारात होतेच : अंडी, मीठ, रंगासाठी कांद्याची साल, पांढरे कापड, आणि वाण्याकडे हळीव.

२१/ युद्ध संपले, पण या लोकांचे घर परत आले नाही. त्यांची गावे ज्या पूर्व पोलंडमध्ये होती, तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला. १९४७-४८ च्या सुमारास वळिवड्याची माणसे ब्रिटनसह निरनिराळ्या देशांत विखुरली, काही पोलंडला परतली. रिकाम्या झालेल्या त्याच जागेत फाळणीने बेघर केलेली सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच जमिनीवर, काही महिन्यांच्या अंतराने, दोन देशांच्या दोन विस्थापित समाजांनी चुली मांडल्या. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश वसाहतीचे स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक उभारले आहे.

२२/ खुद्द पोलंडमध्ये या मेजाची पुढची परीक्षा टंचाईने घेतली. १९७६ मध्ये साखरेवर आणि १९८१ मध्ये मांसावर रेशन आले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्शल लॉ पुकारला गेला. ११ एप्रिल १९८२ चा ईस्टर त्या लष्करी अमलात गेला. मेजावरच्या सॉसेजमागे तासन्‌तासांची रांग होती आणि माझुरेक या गोड वडीवरच्या साखरेमागे रेशनची चिठ्ठी. मांसाचे रेशन १९८९ पर्यंत चालले.

२३/ घरगुती सजावट हा विषय इतिहासाच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. तह, लढाया आणि सनावळ्या येतात. पण पोलंडच्या बाबतीत राज्य तीनदा वाटले गेले, सीमा सरकल्या, माणसे सायबेरियापासून कोल्हापूरपर्यंत फेकली गेली, आणि या सगळ्यांत अखंड राहिलेली एक गोष्ट शोधायची तर ती नखाएवढ्या अंड्याच्या फोडीत सापडते. ती टिकली, कारण तिला लागणारे साहित्य कमी होते आणि ती कशी वाटायची हे माहीत असलेले कोणीतरी घरात नेहमी होते; बहुतेकदा आई किंवा आजी.

२४/ कोल्हापूरला जाणे झाले तर अंबाबाईच्या दर्शनानंतर महावीर उद्यानातल्या त्या स्मारकापाशीही थोडा वेळ थांबावे. आणि ज्यांच्या आजोळी किंवा शेजारी वळिवड्याच्या ‘पोलंडवाल्यां’च्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात : काय विकत घेत, काय रांधत, सणाला दारात काय लावत. सरकारी कागदांत माणसांची संख्या मिळते. मेजावर काय होते, हे ज्यांनी पाहिले तेच सांगू शकतात, आणि ते सांगणारे आता फार थोडे उरले आहेत.

(धागा समाप्त)